आजाऱ्यांचे पदार्थ

कसबा बावडा,
११ फेब्रुवारी

आई,

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीत म्हणाली होतीस, "तुझा फोन आला की मागनं त्याचा खोकला ऐकू येतोय. मग मला दिवसभर काय सुचत न्हाई." म्हणून हे पत्र. सयाजीमामाच्या पत्त्यावर टाकते आहे. मामी आधी वाचेल, मग तुझ्या हातात देईल. वाचू दे.

आबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात.

दिवाळीपासून पाय सुजत होते. ते म्हणायचे, चप्पल आवळलीय. मग चेहराही सुजायला लागला, जेवलेलं राहीना, तेव्हा जबरदस्तीनं राजारामपुरीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी किती वर्षांपासून आहे?" आबा म्हणाले, "मला कसलं बीपी? कारखान्यात जन्म गेला, एक दिवस दांडी न्हाई." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मीही सांगितलं, यांना कधीच काही नव्हतं. ते म्हणाले, "असं होत नाही. ह्या किडन्या एका वर्षात गेलेल्या नाहीत. बीपी जुनं आहे, कुणी बघितलं नाही एवढंच." आता डायलिसिस सुरू करायचं आहे, आठवड्यातनं तीनदा. ते शेवटपर्यंत चालणार. या वयात दुसरी किडनी बसवायचा विचार डॉक्टरांनी बोलूनही दाखवला नाही.

तू यावंस म्हणून लिहीत नाही. ते आधीच सांगते.

लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या लग्नात शाळेतल्या जोशीबाईंनी स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, आठवतं का? माझं लग्न मोडलं, मी बॅग घेऊन परत आले, त्या बॅगेत तेही आलं आणि फडताळात पिठाच्या डब्यामागं जाऊन बसलं. इतक्या वर्षांत ते फक्त तू एकदा उघडलंस. चार पानं चाळून म्हणालीस, "यात मीठ चवीपुरतं लिव्हलंय. कुणाच्या चवीपुरतं, ते लिव्हलं न्हाई." आणि परत ठेवून दिलंस.

ते काढलंय. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी काय खायचं नाही त्याचा कागद दिला: मीठ, लोणचं, पापड, केळ, टोमॅटो, शहाळं, शेंगदाणा, तयार चटणी. मग करायचं काय, ते त्या कागदात नाही. पुस्तकात शेवटी एक प्रकरण आहे, 'आजाऱ्यांचे पदार्थ'. तांदळाची पेज, दुधीचं सार, भाजलेल्या रव्याची लापशी. पानांना कसर लागलीय, पण वाचता येतं. कागद आणि पुस्तक शेजारी ठेवून, दोन्हीत बसेल तेवढं करायचं असं ठरवलंय.

एक सांगायचं राहिलंच होतं. तू गेल्यापासून दोन वर्षांत आबांनी एकदाही ताट फेकलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीच्या हाताला चव हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. शाळेत होते तेव्हापासून वाटायचं, आईला मिठाचा अंदाजच नाही. ताट भिंतीवर जातं, आमटीचा ओघळ खाली येतो, आई फडकं घेऊन पुसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमटी अळणीच. मी मनात म्हणायची, टाक की अजून एक चिमूट, काय जातंय.

आता मीच अळणी करणार आहे. बघू.

संयोगिता


२० मार्च

आई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

आबांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलीय. तिथं बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरतं. त्यांना ते आवडत नाही, शर्टाची बाही खाली ओढून बसतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी रिक्षानं नेते, मशीनला लावलं की क्लासवर जाऊन दहावीची बॅच घेते आणि परत येते. मुलांना वर्तुळाचं प्रमेय शिकवताना डोक्यात असतं, भाजी पाण्यात टाकून आले का?

भाजीचं सांगते. ती सोलायची, बारीक चिरायची, गरम पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायची, तेही ओतायचं. मग जे उरतं त्याला भाजी म्हणायचं. दोडका असो की दुधी, दोन्ही एकच लागतात. पुस्तकात लिहिलंय, 'आजाऱ्याचे ताट नेहमी स्वच्छ व मनास प्रसन्न वाटेल असे वाढावे.' मी एकदा कोथिंबिरीची दोन पानं वर ठेवली. आबा म्हणाले, "ह्यो हार कशाला घातलास? अजून जित्ता हाय मी."

ते ऐकून मी हसले. तेही थोडे हसले. हे तुला मुद्दाम सांगते आहे.

बिनमिठाची कांदा-लसूण चटणी करून बघितली. मिरच्या तू घालायचीस त्याच, खोबरं काढून टाकलं. वास अगदी तुझ्या चटणीचा आला. खतिजाचाची भिंतीपलीकडनं ओरडली, "झुंबर आली काय गं?" मी म्हटलं नाही, मी आहे.

पाणीही मोजून द्यायचं आहे. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवते. उन्हाळा लागलाय. परवा ते न्हाणीघरात गेले ते लवकर येईनात. जाऊन बघितलं तर नळाखाली तोंड धरून उभे होते. मला बघून तोंड पुसलं आणि म्हणाले, "चूळ भरत हुतो." रात्री त्यांची छाती भरून आली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर डॉक्टर मला रागावले.

माझं बरं चाललंय. पेज गाळताना उजव्या मनगटाला वाफ लागली, त्यामुळे अक्षर असं आहे. तुला वाटेल काहीतरी लपवतेय, म्हणून लिहिलं.

संयोगिता


५ मे

आई,

हंबीरकाका तुझ्याकडे येऊन गेले, ते मला ते परत आल्यावर कळलं. मी पाठवलं नव्हतं. आबांनीही नाही. काकांनी आपल्याच मनानं गाडी काढली. "माझ्या सख्ख्या भावाचं मरण जवळ आलंय आणि त्याची बायको माहेरात म्हशी राखत बसलीय, लोक काय म्हणतील?" असं आमच्या सोप्यात बसून मोठ्यानं बोलत होते. आबा आत पडून ऐकत होते.

काकांना विचारलं, आई काय म्हणाली? ते म्हणाले, "काय म्हणणार? चहा दिला. बरा हाय का म्हणून बी इचारलं न्हाई." आणि मग म्हणाले, "गुळाचा चहा दिला, चांगला हुता."

आई, खरं सांगू? तू आली नाहीस हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तू आली असतीस तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरली असतीस, आणि तुला तिथं बघणं मला झेपलं नसतं.

आता ते मनगटाचं. वाफ नव्हती ती.

पेज होती. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तांदूळ भाजून, पाण्यात मऊ शिजवून गाळलेली. मी वाटी हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "मीठ?" मी म्हटलं, नाही, चालत नाही. ते म्हणाले, "चिमूटभर." मी म्हटलं, आबा, नाही. मग वाटी आली. नेम धरून फेकली असं म्हणणार नाही, पण मी समोरच होते. मनगटावर आणि थोडी गळ्यावर सांडली. गळ्यावरचा डाग गेलाय.

फेकून झाल्यावर ते स्वतःच घाबरले. "पोळलं काय?" म्हणाले. उठता येईना, तरी उठायला बघत होते. मी फडकं आणलं, भिंत पुसली, जमीन पुसली. पुसताना लक्षात आलं की मी अगदी तुझ्यासारखी बसलेय, एक गुडघा जमिनीला, एक वर.

त्यानंतर दोनदा झालं. एकदा ताट, एकदा नुसता पेला. क्लासवर सांगितलं कुकरची वाफ. खतिजाचाचीला सांगावं लागलं नाही, तिला भिंतीपलीकडनं ऐकू जातं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगून टाकलं. मामी वाचत असेल तर तिला म्हणावं, गावभर करू नका.

संयोगिता


१३ जुलै

आई,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता सरळ लिहिते.

परवा खतिजाचाची आली होती. गौसचाचांना दवाखान्यात नेऊन आणलं होतं, त्यांची शुगर वाढलीय, म्हणून पथ्याचं काय करतेस ते विचारायला आली. मी तिला पुस्तक दाखवलं. तिला मराठी वाचता येतं, पण चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवत होते. मीठ कुठं कसं कमी करायचं, त्याऐवजी लिंबू कुठं पिळायचं. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "तुझ्या आईनं हे पुस्तकाबिगर केलं की गं, किती वर्सं."

मी विचारलं, काय केलं?

"मीठ कमी. जोतीरामभाऊचं."

मला समजेना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला ठाव न्हाई?" मग तिनं बसकण मारली आणि सांगितलं.

मी नववी-दहावीत असेन तेव्हाची गोष्ट. कारखान्यात तपासणी झाली होती, आबांचं बीपी फार वर निघालं. आबांनी ते कागद फाडून टाकले आणि घरी सांगितलं सगळं ठीक आहे. कारखान्यातल्या डॉक्टरांनी मग तुलाच बोलावून घेतलं. तुझ्याबरोबर चाची होती. "मी गेलतो की तुझ्या आईसंगं. डॉक्टर म्हटलं, गोळी रोज घ्यायला पायजे. तुझी आई म्हटली, त्ये गोळी घेणार न्हाईत. मला मारतील, पर गोळी घेणार न्हाईत. मग डॉक्टर म्हटलं, निदान मीठ तोडा. अर्ध्यावर आणा. त्यांना सांगू नका. तुझी आई घरला आली आनि त्या दिसापासनं निम्मं मीठ."

मी म्हटलं, "आणि ताटं?"

चाची म्हणाली, "ताटं सोसली तिनं. मी सांगायची, झुंबर, घाल बाई वाईच. मरू दे त्याला. ती म्हणायची, मरायचा न्हाई तो, पोरगीला बाप पायजे."

आई, मी किती वर्षं तुला मनात हसले. एकदा तोंडावरही बोलले होते, आठवतं? ताट फेकल्यावर मी म्हटलं होतं, "तूही जरा चव घेऊन बघत जा की." तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस.

चाची गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. आधी फक्त तुझंच वाईट वाटत होतं. मग दुसरं सुचलं, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

तू ही गोष्ट जपत होतीस. कधी चुकू दिली नाहीस. मग जाताना मला सांगितलं का नाहीस?

तू गेलीस त्या सकाळी मी दारात होते. तुझी पिशवी मी रिक्षात ठेवली. तू मला सांगितलंस गॅसची नळी बदलायची आहे, दूधवाला एक पिशवी जास्त लावतो, तुळशीला पाणी घाल. हे सगळं सांगितलंस. मीठ तेवढं सांगितलं नाहीस. आणि मी त्या दिवसापासून चवीपुरतं घालायला लागले. त्यांच्या चवीपुरतं. दोन वर्षं. पापड, लोणचं, सुक्या माशांची चटणी, मागतील ते. "पोरीच्या हाताला चव हाय."

डॉक्टर म्हणतात जुनं होतं, ते होणारच होतं. पण मी त्यांना विचारलं, वीस वर्षं टिकलेल्या किडन्या दोन वर्षांत कशा गेल्या? त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "आहारात काही फरक पडला होता का?"

एवढंच सांग. विसरलीस का?

संयोगिता


९ ऑगस्ट

आई,

आबांना सांगितलं. सांगू नये असं ठरवलं होतं.

झालं असं की पावसानं रस्ते तुंबले होते, रिक्षा मिळेना, एक डायलिसिस हुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास लागला होता आणि तरी ते जेवणावरनं कुरकुरत होते. म्हणाले, "हे तुझ्या आईसारखं झालं. तिला जन्मात मीठ कळलं न्हाई." मी हातातली पळी खाली ठेवली आणि म्हटलं, "कळत होतं." मग सगळं सांगून टाकलं. फाडलेले कागद, डॉक्टर, निम्मं मीठ.

ते माझ्याकडे न बघता ऐकत होते. म्हणाले, "मग सांगायचं हुतं की."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्यांनी खरंच विचार केला, आई. मी बघत होते. मग म्हणाले, "ताट फेकलं असतं."

बाहेर पाऊस होता. पेज गार होत होती. त्यांनी ती स्वतःच ओढून घेतली आणि संपवली.

संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा एकदम म्हणाले, "तुला सांगून गेली न्हाई व्हय ती?"

"काय?"

"मिठाचं."

मी म्हटलं, नाही.

ते छताकडे बघत होते. "मग फिटलं म्हणायचं," म्हणाले. रागानं नाही. कारखान्यातली एखादी जुनी भानगड मिटल्यावर बोलायचे, तसं बोलले.

मी म्हटलं, "विसरली असेल ती." ते म्हणाले, "झुंबर? झुंबर इसरतीया व्हय?"

नंतर हंबीरकाका आले आणि परत तुला आणायची गोष्ट काढली. आबा म्हणाले, "कोण जायाचं न्हाई तिकडं. ती आली तर मी काय बोलू?" काकांना काही कळलं नाही. ते मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, याचं डोकं चळायला लागलंय.

मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर आलेलं नाही.

संयोगिता


६ सप्टेंबर

आई,

गेल्या शुक्रवारी आबा डायलिसिसला आले नाहीत. रिक्षा दारात उभी होती. ते खाटेवर बसले, चप्पल घातली, परत काढली. म्हणाले, "बास झालं. हाताला आता टोचायला जागा न्हाई." मी खूप बोलले. ओरडलेही. रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि आत येऊन उभा राहिला. त्यालाच ते म्हणाले, "जा बाबा तू, दुसरं भाडं बघ."

सोमवारीही तेच. मी डॉक्टरांना घरी घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट विचारलं, "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" आबा म्हणाले, "कळतोय की. अडाणी न्हाई मी." डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, एक आठवडा, फार तर दोन. श्वासाचा त्रास झाला तर काय द्यायचं ते लिहून दिलं. आणि म्हणाले, "आता पथ्य नको. जे मागतील ते द्या."

मी आत येऊन विचारलं, काय खाणार? ते म्हणाले, "तांबडा रस्सा. मीठ घालून."

मटण आणलं. तुझ्यासारखंच सगळं वाटण केलं, तीळ, खसखस, सुकं खोबरं. मीठ घालताना हात थांबला, आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी थांबला. मग घातलं. चव घेऊन बघितली. बरोबर होतं, दोन वर्षं घालत होते तेवढंच.

गौसचाचांनी त्यांना उठवून बसवलं. आबांनी वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ दोनदा पडलं काय?" मी म्हटलं, नाही. गौसचाचांनी चव घेतली, म्हणाले, "फस्क्लास हाय की, भाऊ." आबांनी अजून एक घोट घ्यायचा प्रयत्न केला, पण गिळवेना. ओठ चरचरतात म्हणाले. इतके महिने ज्याच्यासाठी वाट्या फेकल्या, ते समोर होतं आणि त्यांना खाता येत नव्हतं.

ते रडले. मी त्यांना रडताना आजवर कधी बघितलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही.

मग म्हणाले, "ती तुझी पेज हाय काय थोडी?"

आता रोज तीच करते. दोन-तीन चमचे जातात. दिवसाचा बराच वेळ झोपेतच असतात. मधे जागे झाले की मला कधी संयू म्हणतात, कधी झुंबर. मी दोन्हीला ओ देते.

उशीर व्हायच्या आत तू यावंस की नाही, ते मी सांगणार नाही. मला ठरवता येत नाही. मी फक्त कळवते आहे.

संयोगिता


२२ सप्टेंबर

आई,

परवा तुझा फोन आला. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. तू जे बोललीस ते मी नीट ऐकलं का, ते लिहून बघते आहे. फोनवर मी काही बोलू शकले नाही.

आधी आबांचं सांगते, कारण तू ते विचारलं नाहीस.

गुरुवारी सकाळी गेले. आधीचा दिवस पूर्ण झोपेत होते. सकाळी श्वास मोठमोठ्यानं चालला होता, मग दोन श्वासांमधे वेळ जायला लागला. मी हात धरून बसले होते, डावा हात, शीर जोडलेला. आतली घरघर लागत होती. मग लागेनाशी झाली. डोळे उघडे होते, मी मिटले. काही बोलले नाहीत. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले? काही नाही.

हंबीरकाकांनी लगेच फोन काढला तुला गाडी पाठवायला. मी त्यांच्या हातातनं फोन घेतला. म्हटलं, कळवा, पण गाडी पाठवायची नाही. यायचं असेल तर ती येईल. ते चिडले. "कुंकू कोण पुसणार? बांगड्या?" असं सगळ्यांसमोर म्हणाले. बायका बसल्या होत्या, त्याही माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "त्यासाठीच पाठवू नका म्हणतेय." काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. पाणी त्यांनी दिलं, मी मागं चालले. रक्षाविसर्जनही झालं.

तू आली नाहीस. मग परवा फोन केलास. मामीच्या मोबाइलवरनं. मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती.

तू म्हणालीस, "जेवलीस काय?" मी म्हटलं, हो.

मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणालीस, "तू इचारलंतंस ते. इसरलो न्हवतो मी."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"दारात तुझ्या तोंडाकडं बघितलं आनि जिभंवर आलतं. पिशवी ठेवलीस तू रिक्षात, तवा परत आलतं. सांगितलं असतं तर तू घातलं असतंस काय मीठ? न्हाई घातलं असतंस. मला ठाव हाय तू. निम्मं केलं असतंस. मग त्यानं ताट फेकलं असतं, तू पुसलं असतंस, परत निम्मं केलं असतंस. म्हातारी झाली असतीस तिथंच. मी झालो तशी."

आणि मग म्हणालीस, "दोघांतलं एक धरायचं हुतं, संयू. मी तुला धरलं."

एवढंच. मग फोन मामीनं घेतला आणि विचारलं, उत्तरकार्य कधी आहे.

त्यानंतर मी सारखी तुझ्यावर चिडते आहे. तू मला सोडवलंस असं तुला वाटतं. पण ते मीठ माझ्या हातानं गेलं, आई. तू फक्त गप्प बसलीस, घालत मी होते. आणि ताटं शेवटी माझ्याही अंगावर आलीच. तू धरलंस ते कुणाला?

पुन्हा वाटतं, तू वीस वर्षं सांभाळलंस त्यांना. रोज, मार खाऊन. मग एका सकाळी हात सोडलास. मी तुझ्या जागी असते तर किती दिवस टिकले असते, मला माहीत नाही. मार्चमधे, वाटी अंगावर आली त्या दिवशी, माझ्याही मनात आलं होतं की द्यावं यांना हवं तेवढं मीठ आणि संपवावं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

उत्तरकार्याला तू येऊ नकोस. लोक तुझ्या तोंडाकडे बघत बसतील आणि तू काहीतरी खरं बोलून जाशील. मीही एवढ्यात तिकडे येणार नाही. राग गेला की येईन, किंवा राग घेऊन येईन, पण येईन. आल्यावर यावर बोलायचं नाही.

काल खतिजाचाची डबा घेऊन आली होती. मी जेवत होते आणि ती बसली होती. मग तिनं हळूच विचारलं, "तुझ्या आईनं जाताना तुला मिठाचं का सांगितलं न्हाई गं? इचारलंस का?"

मी म्हटलं, विचारलं. गडबडीत विसरली म्हणाली.

चाची म्हणाली, "व्हय, त्या दिवशी लई गडबड हुती तिची."

हंबीरकाकांनाही कधी ना कधी हे कळेल, चाचीच्या पोटात आता काही राहायचं नाही. त्यांनाही मी हेच सांगणार आहे. मामी हे आधी वाचेलच, पण कुणी विचारलं तर तुम्ही दोघींनीही हेच सांगा. आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

संयोगिता